हमी शहराच्या वेशीपर्यंतच का? महाराष्ट्र विधानमंडळाच्या सदस्यांस खुले पत्र

महाराष्ट्र विधानमंडळाच्या उभय सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,



या विधानमंडळाने दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन कायदे केले आणि त्या दोहोंचा एकमेकांशी असलेला संबंध आज जवळजवळ विसरला गेला आहे. १९७५ च्या कायद्याने नोकरी, धंदा व व्यवसाय करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला. पगाराच्या चिठ्ठीवर आजही ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून कापली जाणारी रक्कम ती हीच. १९७७ च्या कायद्याने ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला, आणि या हक्काच्या खर्चासाठी जो रोजगार हमी निधी उभा राहिला त्याचा मोठा आधार म्हणजे शहरी पगारदारांकडून गोळा होणारा हा करच होता. शहराने कर द्यावा आणि गावाने काम मिळवावे, ही त्या काळाच्या दृष्टीने न्याय्य आणि दूरदर्शी अशी योजना होती. मात्र ज्या दिवशी शहरातील त्याच करदात्याचे काम सुटते, त्या दिवशी त्याच्यासाठी या दोन कायद्यांपैकी एकाही कायद्यात एक ओळ सापडत नाही. ती ओळ लिहिण्याची वेळ येऊन बराच काळ लोटला आहे, आणि ती लिहिण्याचा अधिकार व पूर्वपरंपरा या दोन्ही गोष्टी याच सभागृहांकडे आहेत, असे या पत्राचे म्हणणे आहे.

परंपरेचा उल्लेख शोभेसाठी केलेला नाही. रोजगार हमीची कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते, आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास झालेल्या छोट्या प्रयोगातून ही कल्पना आकाराला आली. पुढे १९७० ते १९७३ या काळात राज्यावर दुष्काळ कोसळला आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारने दुष्काळी कामे इतक्या मोठ्या प्रमाणावर काढली की मे १९७३ मध्ये त्या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पिके बुडाली, विहिरी आटल्या, जनावरे दगावली. तरीही पूर्वीच्या दुष्काळांत होत असे तशी माणसांची मोठी प्राणहानी झाली नाही. दुष्काळाच्या अभ्यासकांनी या अनुभवातून जो निष्कर्ष काढला तो असा की उपासमार धान्य नसल्यामुळे जितकी होते त्याहून अधिक ते विकत घेण्याची ताकद हरपल्यामुळे होते, आणि वेळेवर मिळालेली मजुरी ही ताकद परत देते. दुष्काळ ओसरल्यावर हा अनुभव कागदोपत्री जमा करून विसरून जाणे सोपे होते. या विधानमंडळाने तसे न करता १९७७ मध्ये कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आणला. केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा यानंतर सव्वीस वर्षांनी, २००५ मध्ये आला.

‘हमी’ आणि ‘योजना’ यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बेरोजगारांसाठी चाललेल्या बहुतेक सरकारी उपायांची गफलत याच ठिकाणी होते. योजनेत सरकार आधी रक्कम ठरवते, मग त्या रकमेत किती लाभार्थी बसतात ते मोजते, आणि उरलेल्यांना पुढच्या वर्षी या असे सांगते. हमीत क्रम उलटा असतो: नागरिक काम मागतो, त्याच्या अर्जाची पोच त्याला मिळते, ठरावीक मुदतीत काम देणे प्रशासनावर बंधनकारक होते, आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा लागतो, म्हणजे खर्च किती व्हावा हे अर्थखात्याच्या अंदाजाने ठरत नाही, लोकांच्या गरजेने ठरते. अर्थशास्त्रात अशा तरतुदीला स्वयंचलित स्थिरक म्हणतात. मंदी आली की कामाची मागणी वाढते, तिच्याबरोबर सरकारी खर्च आपोआप वाढतो आणि बाजारात पैसा खेळता राहतो; मंदी सरली की मजूर आपल्या नेहमीच्या कामाकडे परततात आणि खर्च आपोआप उतरतो. यासाठी नवी घोषणा लागत नाही, निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही आणि लाभार्थ्यांची यादी तपासत बसावे लागत नाही. गरजूंची निवडही स्वतःहून होते, कारण किमान मजुरीवर दिवसभर खोदकाम करायला ज्याला दुसरा चांगला पर्याय आहे तो येत नाही. राज्याच्या रोजगार हमीवर निम्म्याच्या आसपास स्त्रिया राहिल्या. हे कोणत्याही राखीव कोट्यामुळे झाले नव्हते, तर गावाजवळ, सरकारी हजेरीपटावर, पुरुषाइतक्याच दराने मिळणारे काम त्यांना दुसरीकडे उपलब्ध नव्हते म्हणून झाले.

या हमीचा इतिहास केवळ गौरवाचा नाही, आणि सदस्यांपुढे तो तसा मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९८८ मध्ये किमान वेतनाच्या दरात जवळपास दुपटीने वाढ झाली आणि तिच्याबरोबर हमीच्या कामावरची मजुरीही वाढली. मजुरीचा दर वाढल्यावर कामाची मागणी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात कामावरील उपस्थिती घटली. अर्थतज्ज्ञांनी या काळाचा केलेला अभ्यास सांगतो की मागणी कमी झाली नव्हती, तर नवी कामे उघडणेच हळूहळू आखडते घेतले गेले, म्हणजे कागदावर हमी शाबूत राहिली आणि व्यवहारात मोजूनमापून काम वाटणे सुरू झाले. काम सुरू करण्यासाठी किमान ५० मजूर असावेत अशी मूळ योजनेतील अट होती. तीही लहान वाड्यावस्त्यांच्या आड येई. मुकादमाने मस्टरवर खोटी नावे चढवल्याच्या तक्रारी झाल्या. तरीही या सगळ्या दोषांची चर्चा विधिमंडळाच्या रोजगार हमी योजना समितीत आणि मजुरांच्या मोर्चांत होऊ शकली याचे कारण एकच आहे: मजुरांच्या हातात कायदा होता, आणि ज्याला हक्क आहे त्यालाच हक्कभंगाची तक्रार करता येते.

शहरातील कामगाराची स्थिती पाहताना पहिला अडथळा आकड्यांचा येतो. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, आणि १५ ते २९ वयोगटासाठी तो १०.२ टक्के होता. यांतील पहिला आकडा पाहून संकट नाहीच असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्या मागची व्याख्या वाचावी. हा दर ‘सामान्य स्थिती’ या मोजमापाने काढला जातो, आणि त्यात वर्षातून एकूण ३० दिवस दुय्यम स्वरूपाचे काम केलेली व्यक्तीसुद्धा रोजगारात असल्याचे धरले जाते. ‘साप्ताहिक स्थिती’ या दुसऱ्या मोजमापात मागील सात दिवसांपैकी कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले असले तरी माणूस बेरोजगार ठरत नाही. या व्याख्या चुकीच्या नाहीत, एका तासाचा निकष तर जगभर वापरला जातो. पण ज्या देशांत बेकारी भत्ता मिळतो तेथे माणूस काही महिने उघडपणे बेरोजगार राहून योग्य काम शोधू शकतो, आणि जेथे तो मिळत नाही तेथे गरीब माणसाला बेरोजगार राहणे परवडतच नाही. चाकणच्या कारखान्यातून कमी केलेला जुळारी आठवड्याभरात कुणाच्या तरी टेम्पोवर हमाली करू लागतो, भिवंडीचा माग बंद पडल्यावर विणकर रिक्षा भाड्याने घेतो, सोलापुरात विडीचे काम आटले की बाई धुण्याभांड्याची घरे धरते, आणि सर्वेक्षणात हे तिघेही रोजगारात असतात. म्हणून संकट मोजायचे तर बेरोजगारीच्या दराबरोबर मजुरीची घसरण आणि कामाचे दिवस हेही पाहावे लागतात.

काम सुटलेल्या शहरी कामगाराला आज कायद्याने काय मिळते? कायम नोकरीत असलेल्या आणि किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कपातीच्या वेळी, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी नुकसानभरपाई मिळते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून आली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेने तिच्यात एका पुनर्कौशल्य निधीची भर घातली आहे: कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन या निधीत भरायचे आणि ते कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे. पंधरा दिवसांच्या पगारात नवे कौशल्य शिकण्याची अपेक्षा ज्यांनी ठेवली त्यांनी आयटीआयचा सर्वांत छोटा अभ्यासक्रम किती महिन्यांचा असतो याची चौकशी केलेली दिसत नाही. त्याच संहितेने कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे, आणि निश्चित मुदतीवर नेमलेल्या कामगाराची मुदत संपणे ही कपात समजली जात नाही. औद्योगिक वसाहतींत कंत्राटी पोरांना २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ देऊन घरी बसवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. त्यांच्यासाठी वरची भरपाई अस्तित्वातच नाही.

दुसरा आधार कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा. या महामंडळात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात, आणि वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराकडून व ३.२५ टक्के मालकाकडून असा हप्ता जमा होतो. कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास बेरोजगारी भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे, आणि २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. या दुसऱ्या योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. ती मुदतवाढीवर चालते, ठरावीक काळ हप्ता भरलेला असण्याची अट आहे, आणि चाळिसाव्या वर्षी ९० दिवस वापरून झाले की पन्नासाव्या वर्षी कारखाना पुन्हा बंद पडला तर काही उरत नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने सुरू झालेल्या तरतुदीनुसार बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो आणि राज्याचे कल्याणकारी मंडळ त्यातून शिष्यवृत्ती, उपचार, भांड्यांचा संच अशा मदती देते. पण काम मिळाले नाही म्हणून मजुरी देण्याची तरतूद तेथे नाही, आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर असल्याचा दाखला नाक्यावरच्या बिगाऱ्याने कोणत्या मालकाकडून आणायचा, हा प्रश्न नोंदणीच्या पहिल्याच पायरीवर उभा राहतो.

या अपुरेपणाची सर्वांत मोठी किंमत महाराष्ट्राने गिरणगावात मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या दशकात एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. अशा वेळी कामगारांसाठी केंद्राने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. १९८६ मध्ये कापड कामगार पुनर्वसन निधी योजना आली, आणि तिच्यात बंद गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम देण्याची तरतूद होती. तत्त्व म्हणून पाहिले तर भारतात बेरोजगारी साहाय्याची इतकी उदार आखणी क्वचितच झाली असेल: तीन वर्षांचा अवधी, हळूहळू उतरणारी रक्कम, आणि त्या काळात दुसरे काम शोधण्याची उसंत. पण गिरणी कायदेशीरपणे कायमची बंद झालेली असणे ही तिची अट होती, आणि मुंबईतील अनेक गिरण्या वर्षानुवर्षे ना चालू ना बंद अशा अवस्थेत लोंबकळत राहिल्या. आजारी उद्योगांच्या मंडळापुढे प्रकरण पडून, यंत्रे गंजत, पगार थकलेले, आणि कागदावर मात्र कामगार नोकरीत. ज्याची नोकरी सरकारदप्तरी गेलेलीच नाही त्याला पुनर्वसन कसले? त्याने परळ-लालबागच्या फुटपाथवर भाजी मांडली किंवा कोकणातले घर गाठले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी स्वतंत्र नियम झाला, त्यावर न्यायालयांत दीर्घकाळ वाद चालले आणि टॉवर उभे राहिले. जमिनीच्या भवितव्याची काळजी वाहणारी यंत्रणा जितकी तत्पर निघाली तितकी माणसांच्या भवितव्याची निघाली नाही. साहाय्य हे मालकाच्या कायदेशीर स्थितीला बांधता कामा नये, कामगाराच्या रिकाम्या हातांना बांधले पाहिजे, हा गिरणगावचा धडा आहे.

मुंबईतच, गिरणगावापासून हाकेच्या अंतरावर, या धड्याचे उत्तरही होते. गोदीतले काम जहाज आले तर असते आणि नाही आले तर नसते. तेथील मजूर पूर्वी तोलीवाल्याच्या मर्जीवर रोज सकाळी उभे राहत. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली मुंबई बंदरात जी योजना आली तिने मजुरांची नोंदणी केली, त्यांना एका मंडळाखाली आणले, महिन्यातील ठरावीक किमान दिवसांच्या वेतनाची हमी दिली आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरी भत्ता दिला. पुढे १९६९ मध्ये याच विधानमंडळाने माथाडी कायदा करून, ज्यांचा मालक रोज बदलतो अशा हमालांसाठी मालक, कामगार आणि शासन यांची त्रिपक्षीय मंडळे उभारली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे ते फळ होते. मालक निश्चित नसेल तर सामाजिक सुरक्षा अशक्य आहे हा आजचा आवडता युक्तिवाद या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच खोटा ठरवला आहे. नाक्यावरचा गवंडी, मोबाइलवरच्या ॲपवरून जेवणाचे डबे पोचवणारा तरुण आणि घरकाम करणारी स्त्री यांची अवस्था तत्त्वतः गोदीतल्या त्या मजुरापेक्षा वेगळी नाही.

२०२० च्या टाळेबंदीत गाव आणि शहर यांच्यातील हा फरक उघडा पडला. २०२०-२१ या वर्षात देशभर ग्रामीण रोजगार हमीवर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. एका माणसाने एक दिवस केलेले काम म्हणजे एक मनुष्यदिवस. शहरात अशी कोणतीही खिडकी नव्हती. नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांच्या खात्यावर मंडळाने दोन हजार रुपये टाकले, २०२१ च्या निर्बंधांत घरकामगार व परवानाधारक रिक्षाचालक यांनाही दीड हजारांची मदत जाहीर झाली, आणि ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते ते गावाकडे चालू लागले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मृत्युमुखी पडले. चालत निघालेल्या त्या लोकांपैकी अनेकांना गावी पोचल्यावर रोजगार हमीचे काम मिळाले असेल. ते जेथे राहत होते, राबत होते त्या शहरात मात्र ते मागण्याची सोय नव्हती.

अलीकडे सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना शिक्षणानुसार महिना ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन मिळते. तरुणाला कामाची पहिली ओळख व्हावी म्हणून हा उपाय ठीक आहे. पण प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याच प्रशिक्षणार्थींनी आंदोलने करून विचारला, आणि सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या फिटरसाठी ही योजना नाहीच. त्याच वर्षीच्या लाडकी बहीण योजनेने मात्र एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: कोट्यवधी व्यक्तींच्या बँक खात्यांत दरमहा रक्कम जमा करण्याची प्रशासकीय क्षमता या राज्याकडे आहे. तेव्हा बेकारी भत्ता देणे व्यवहार्य नाही, ही सबब यापुढे चालू नये.

इतर राज्ये या बाबतीत पुढे गेली आहेत, हे रोजगार हमीच्या जन्मभूमीला थोडे खटकावे. केरळने २०१० च्या सुमारास अय्यनकाली यांच्या नावाने शहरी कुटुंबांसाठी १०० दिवसांच्या कामाची योजना सुरू केली. हिमाचल प्रदेश, झारखंड आणि ओडिशा यांनी २०२० मध्ये आपापल्या परीने तसे पाऊल टाकले. राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी आणली आणि २०२३ मध्ये तिला कायद्याचे रूप देऊन ग्रामीण व शहरी दोन्हीकडे १२५ दिवसांचा हक्क लिहिला. यांतील बहुतेक ठिकाणी निधी तोकडा आहे आणि सत्ता बदलल्यावर उत्साहही बदलतो. पण महाराष्ट्राला बाहेर पाहण्याचीही गरज नाही. राज्याची मूळ रोजगार हमी ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या, म्हणजे सुमारे ४०,००० पर्यंत वस्तीच्या गावांच्या हद्दीत पूर्वीच लागू करण्यात आली होती. शहर या कल्पनेचे वावडे या हमीला कधी नव्हते. फक्त रेषा छोट्या शहरापाशी थांबली, आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ टक्के लोकसंख्या नागरी असलेल्या राज्यात ती रेषा आता तेथे राहण्याचे कारण उरलेले नाही.

कोणते काम द्यायचे, हा आक्षेप सर्वांत आधी येईल. गावात पाझर तलाव, नालाबांध, वृक्षलागवड आणि १९९० नंतर फळबागा होत्या, तशी शहरातही कामांची वाण नाही: महापालिकेच्या शाळांची डागडुजी व रंगरंगोटी, ओढ्यांच्या काठांची बांधबंदिस्ती, रोपवाटिका, पावसाचे पाणी मुरवण्याचे खड्डे, सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण, पाळणाघरांत व अंगणवाड्यांत मदतनिशीचे काम. शेवटचे काम विशेष महत्त्वाचे आहे, कारण शहरी स्त्रियांच्या मार्गातला मोठा अडसर मुलांना कुठे ठेवायचे हाच असतो. मात्र एक धोका सदस्यांनी कायद्यातच बंद करावा. नालेसफाई आणि रस्तेझाडणी ही कायम कामगारांची, कायम स्वरूपाची कामे आहेत. ठेकेदारीने ती आधीच पोखरली असताना, हमीचे मजूर स्वस्त पडतात म्हणून तीही त्यांच्याकडून करून घेण्याचा मोह प्रत्येक पालिकेला होईल. मंजूर पदांची कामे हमीखाली घेता येणार नाहीत आणि मैल्याशी संबंधित कोणतेही काम हमीखाली येणार नाही, असे स्पष्ट कलम त्यासाठी हवे. काम हवे त्याने वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा, त्याच जागी तारखेची पोच घ्यावी, राहण्याच्या पुराव्याची अट शिथिल असावी आणि मजुरी त्या विभागातील अकुशल कामाच्या किमान वेतनाहून कमी नसावी. केंद्राच्या ग्रामीण हमीचा महाराष्ट्रासाठीचा दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. ठाण्यात किंवा पुण्यात तेवढ्यावर घरभाडेही निघत नाही.

काम दिले तर बाहेरचे लोंढे येतील, हा दुसरा आक्षेप नेहमीच्या राजकीय आवेशात मांडला जाईल. लोंढे काम नसतानाही येतात. बीड, जालना, धाराशिवहून पुण्या-मुंबईत आलेला मजूर याच राज्याचा मतदार असतो, आणि वर्षातले काही दिवस किमान मजुरीवर मिळणारे खोदकाम हे बिहारहून दोन दिवसांचा प्रवास करून येण्याइतके मोठे आमिष ठरेल असे मानणाऱ्यांनी त्या प्रवासाचा खर्च मांडून पाहावा.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे. महिना दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते याच हिशेबाने, आणि दोन लाख पगार असलेल्याचेही तेवढेच. ही मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्ये लिहिलेली असून १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २,५०० केली, त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षांत तिला कुणी हात लावला नाही. ती वाढवणे राज्याच्या हाती नाही, पण त्यासाठी केंद्राकडे ठराव पाठवणे सभागृहांच्या हाती आहे. दुसरीकडे रोजगार हमी निधीत एके काळी मोठी शिल्लक साचून राहिली, बांधकाम उपकराचा पैसा पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सुनवावे लागले. म्हणजे तुटवड्याइतकीच अनास्थाही जुनी आहे. त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला, केंद्राने ठरवून दिलेल्या वाटपापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा आहे, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. ठरवून दिलेल्या वाटपाची चौकट आली की हमी पुन्हा योजनेकडे झुकते. अशा वेळी महाराष्ट्राचा स्वतःचा १९७७ चा कायदा हे राज्याचे खरे भांडवल आहे, आणि तो गावासाठी टिकवणे व शहरासाठी विस्तारणे या दोन गोष्टी एकाच दुरुस्ती विधेयकात होऊ शकतात. घटनेच्या कलम ४१ ने कामाच्या हक्काबरोबर बेकारीतील साहाय्याचाही उल्लेख ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी केला आहे. १९७७ चा महाराष्ट्र आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता.

विधेयक आणताना एका कलमाकडे सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे. १९७७ च्या कायद्यात काम न दिल्यास द्यायचा बेकारी भत्ता दिवसाला किमान एक रुपया असा आकड्यात लिहिला गेला. त्या वेळीही तो थोडाच होता. महागाई वाढत गेली तसा तो हास्यास्पद झाला, आणि काम न देणे हे काम देण्यापेक्षा शासनाला स्वस्त पडू लागले. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ही चूक टाळून भत्ता मजुरीच्या प्रमाणात बांधला, पहिल्या ३० दिवसांसाठी किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मा. शहरी हमीच्या कलमात भत्ता रुपयांत लिहू नये. तो किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी नसावा, पंधराव्या दिवसानंतर वेगळ्या अर्जाविना खात्यावर जमा व्हावा, आणि त्याचा भार संबंधित महापालिका व राज्य यांच्यात कसा वाटायचा हे नियमांवर न सोपवता कायद्याच्या मजकुरातच लिहावे, कारण भार कुणाचा हे जेथे मोघम राहते तेथे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.